सात पॉइंट आठ

कोळंबी सोलताना माझी नखं पांढरी दिसायची.
मला वाटलं, बर्फामुळे.
सर्जेकोटच्या जेटीवर पहाटे चारपासून
बर्फात हात, हातात कोळंबी,
नखं पांढरी होणारच की.
घाटी चढताना पाचव्या पायरीवर धाप लागायची,
ती वयामुळे. वय चौतीस.
आणि विहिरीच्या कडेचा ओला जांभा
चावून खावासा वाटायचा, ढेकूळभर तरी,
ते कशामुळे, मी कोणाला विचारलंच नाही.

प्रणिता कुबलने बोटाला सुई टोचली
तेव्हा तिला सांगितलं.
ती हसली नाही. वहीत लिहिलं, सात पॉइंट आठ.
"तुज्या आंगात रगात खय आसा गो?"
ज्या गावात माती लाल, भिंती लाल,
पावसाळ्यात खाडीसुद्धा लाल,
तिथे हा प्रश्न.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, महिन्याला किती दिवस जातं अंगावरून?
नऊ, म्हणाले मी.
हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.
आईने नाही. नवऱ्याने तर नाहीच.

तीन पट्ट्या, तीस गोळ्या, लाल.
पहिले सहा दिवस गोळी चहाच्या घोटाने गिळली,
आणि फरक का नाही म्हणून भांडायला गेले.
"अगो, चाय लोखंडाक धरून ठेवता,
जाळ्यात कुर्ली अडकता तशी.
रगतापर्यंत पोचाकच देत नाय."
मग चहा दोन तास लांब गेला.
जेटीवरच्या बायका म्हणाल्या, हिचं काय बिनसलं?
मी वाटीभर पाण्यात लिंबू पिळत बसले.
हाडांची पांढरी गोळी रात्री,
लाल सकाळी,
दोघींची एका पोटात गाठ नको.

बापाच्या होडीतून दहा वर्षं गेले, आले,
मला कधी बोट लागली नाही.
गोळीने लागली.
उपाशीपोटी घेतली की सगळी जेटी डोलायची.
"दोन घास पेज खा आधी.
थोडा कमी मुरात, पण ओकून टाकण्यापरास बरा."

आणि एका सकाळी संडासात शाईसारखं काळं.
मी मेलेच, असं ठरवून
कपाटाची चावी कुठे असते ते थोरल्या मुलीला सांगितलं.
प्रणिता तेव्हा मात्र हसली.
मग हसू आवरून म्हणाली,
डांबरासारखा चिकट झाला, चक्कर इली,
तर थांबा नको, सरळ ये.

अकराव्या दिवशी दुपारी
नणंदेचा दर्शू, तीन वर्षांचा,
खिडकीत बसून मुठीत काहीतरी वाजवत होता.
मूठ उघडली. लाल, गोड पापुद्र्याच्या,
लिमलेटच्या गोळ्यांसारख्या तीन.
पट्ट्या जमिनीवर ओतल्या आणि मोजल्या.
तीसातून अकरा गेल्या, उरल्या एकोणीस.
पट्टीत सोळा. मुठीत तीन.
फोनवर प्रणिताचा आवाज चिरका.
"परत मोज."
सोळा. तीन.
"त्याचा तोंड उघड, जीब बघ."
जीब गुलाबी, स्वच्छ.
"एक जरी कमी भरली आसती
तर उलटी व्हायची वाट बघाची नाय,
गाडी काढून मालवणाक."
त्याच्या मुठीत मी साधी कुरमुरे कोंबले
आणि पडवीत बसून रडले,
खूप वेळ, जरा जास्तच.

आता डबा माळ्यावर,
नवऱ्याच्या जुन्या इंजिनच्या नटबोल्टांशेजारी.
त्याने विचारलं, इथे का?
म्हटलं, लोखंड लोखंडाजवळ.

तीन महिन्यांनी बारा पॉइंट एक.
मी डबा उतरवून परत द्यायला निघाले.
"रगात भरला," प्रणिता म्हणाली,
"कोठार रिकामाच आसा. आणखी तीन म्हयने."
माझी नखं हातात धरून
ती बघत राहिली, जणू ती तिनेच रंगवलीत.

विहिरीवरून येताना परवा थांबले.
जांभ्याला हात लावला.
तळवा लाल झाला, जिभेला काही म्हणावंसं वाटलं नाही.

काल लिलाव लांबला, गोळी राहून गेली.
आज दोन नाही.
एकच.